खाडीतला सोनेरी नळ

माझ्या बाथरूममध्ये सोनेरी नळ आहेत, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी इज्जत फारशी उरत नाही. नळ सोनेरी, बेसिन शंखाच्या आकाराचं, कमोड पांढराशुभ्र, वर गोल आरसा आणि आरशाभोवती बल्बांची माळ. हा सगळा थाट वर्सोव्याच्या खाडीत, एका म्हाताऱ्या मासेमारी बोटीत. एवढंच होतं की यातल्या कशालाही पाणी जोडलेलं नव्हतं.

बोट माझी नाही. अंधेरीत ज्या माणसाकडे मी आयुष्यभर हिशेब लिहिले, त्याची. त्याचा धंदा शूटिंगला सामान पुरवण्याचा. आज दिवाणखाना, उद्या कोर्ट, परवा तुरुंग. एका मालिकेतल्या श्रीमंत कुटुंबाला स्वतःची बोट हवी होती, म्हणून त्याने ही भंगारात निघालेली बोट घेतली, तिच्यावर प्लायवूडची केबिन चढवली आणि आत हे बाथरूम थाटलं. मालिका लवकरच गुंडाळली. बोट राहिली. कोणी तिच्यावर राहिलं नाही तर लोक नळसुद्धा काढून नेतील अशी त्याला भीती. मी तेव्हा नुकताच रिटायर झालो होतो आणि बोरिवलीची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. बायको बिल्डिंगच्या आधी गेली होती. भाड्याची घरं पाहत हिंडलो, पण प्रत्येक घरात एक दुसरी खोली असायची आणि त्या दुसऱ्या खोलीत उभं राहिलं की या खोलीचं करायचं काय, ते मला कळायचं नाही. बोटीत एकच खोली होती. मी हो म्हणालो.

पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत नळ फिरवला. नळ हातात आला. मागे थर्माकोलचे चार दाणे आले, ते वाऱ्यावर उडून गेले. एवढ्याने शहाणं व्हायला हवं होतं, पण नाही. कमोड दिसायला खरा होता, तो खराच असणार म्हणून मी त्याच्यावर विश्वास टाकला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. कमोड प्लायवर नुसता चिकटवलेला, खाली भोकच नाही. ते सगळं भिंतीखालून माझ्या अंथरुणापर्यंत कसं पोहोचलं याचं वर्णन करत नाही. गादी बदलली, एवढं पुरे.

मग खरी व्यवस्था लागली. जेट्टीवर मासे सुकवणारी एक कोळीण आहे. मी तिला मावशी म्हणतो, ती मला काका म्हणते. दोघंही एकाच वयाचे असू, पण तसं म्हणायला कोणी तयार नाही. तिच्या नळावर कॅन भरायचे, होडीतून बोटीवर आणायचे. बाकीच्या कामासाठी जेट्टीजवळचं सार्वजनिक शौचालय. अडचण एकच. भरतीला होडी चालते, ओहोटीला खाडी आटते आणि बोट चिखलात बसते. मग माझ्यात आणि जेट्टीत नुसता गाळ, ज्यात धड चालता येत नाही, धड वल्हवता येत नाही. त्यातून भरतीची वेळ रोज पुढे सरकते. माणसाचं पोट घड्याळावर चालतं आणि खाडी चंद्रावर. दोघांचं जमलं तर जमलं, नाही तर झाकणाची बादली. याहून जास्त विचारू नका.

पाण्याच्या बाबतीतही मी एक दिवा लावला. आमच्या घरी सकाळी म्युनिसिपालिटीचं पाणी आलं की कालचं पाणी शिळं व्हायचं. हंडा, कळशी, पिंप, सगळं ओतून बायको ताजं भरायची. मला ओतायचं काम दिलेलं होतं, भरायचं नाही, कारण मी सांडतो. तर बोटीवर आल्यावर एका सकाळी, डोळे पुरते उघडायच्या आत, मी सवयीने दोन्ही कॅन खाडीत ओतले. मग ताजं भरायला होडीकडे गेलो तर खाली चिखल. दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पिशवीतल्या दुधात चहा केला आणि तोच पीत बसलो. तेव्हा लक्षात आलं की पाणी शिळं झालं असं म्हणणारं माणूस घरात नसलं की पाणी शिळं होत नाही. नुसतं उरतं.

बोटीला बेल नसते. बिल्डिंगमध्ये कोणी नाही तरी कुरिअरवाला चुकून आपली बेल वाजवतो, इथे चुकायलाही कोणी येत नाही. जुने दोस्त एकेकदा येऊन गेले. आले, फोटो काढले, 'झकास आहे यार, तुझी ऐश आहे' म्हणाले आणि पाणी उतरायच्या आत परत गेले. कोणी पिशवी खाली ठेवली नाही. खांद्यावरच घेऊन सगळी बोट पाहिली.

रोज संध्याकाळी फोन यायचा तो एकट्या ताईचा. माझी थोरली बहीण. मुलुंडला मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर राहते. एरवी साधं मराठी बोलते, पण चिडली किंवा घाबरली की आईचं मालवणी तिच्या तोंडात येतं. तिला मी बोटीवर राहतो हेच पटलेलं नव्हतं.

"आंघोळ करतोस कुठे?"

"बाथरूममध्ये."

"बोटीत कसलं बाथरूम?"

मी त्या बाथरूमचा फोटो काढून पाठवला. सोनेरी नळ, शंख, बल्ब पेटवून. फोटोत नळामागचा थर्माकोल दिसत नाही. थोड्या वेळाने तिचा उलट फोन. "बरं आहे बाबा. आमच्यापेक्षा बरं आहे." मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी कमोडचाही फोटो पाठवला.

त्या फोटोंचं फळ दिवाळीनंतर मिळालं. ताईच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या पाइपलाइनी बदलायला काढल्या. बाथरूम फोडलेलं, संडास बंद. सून मुलांना घेऊन माहेरी निघाली आणि ताईलाही चला म्हणाली.

"व्याह्यांकडे मी जाणार नाही," ताई फोनवर म्हणाली. "तिथे पाय पसरून बसता येत नाही. माझे गुडघे तुला माहीत आहेत, मला कमोडच लागतो. तुझ्याकडे आहे ना. चार दिवस तुझ्याकडेच येते."

खरं सांगायची ती वेळ होती. फोन कानाला होता, समोर पाणी चढत होतं आणि मला एकच दिसत होतं, की बायको गेल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे राहायला येणार. चहाला नाही, फोटोला नाही, राहायला. सकाळी उठल्यावर बोटीत दुसऱ्या माणसाच्या खोकल्याचा आवाज येणार.

"ये की," मी म्हणालो. आणि प्लंबर शोधायला निघालो.

प्लंबर अंधेरीचा. आमच्या ऑफिसचा संडास वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली गळत आला होता, म्हणून ओळख. आयुष्यात कधी होडीत बसला नव्हता. पाना छातीशी धरून, डोळे मिटून तो बोटीपर्यंत आला आणि बोटीवर चढल्यावरच उघडले. बाथरूम सगळीकडून पाहिलं. मग वाकून कमोडला बोटाने टकटक केलं.

"साहेब, हा तर चिकटवलाय."

"हो."

"कशाला?"

"शूटिंगसाठी."

"शूटिंगमध्ये कोणी बसलं नाही?"

"बसलं असेल. अभिनय केला असेल."

त्याने मान हलवली, जणू हे पटण्यासारखं होतं. "आता घाण कुठे सोडायची? खाडीतच सोडू ना. सगळी मुंबई सोडते."

"नको रे. मी मावशीकडून इथलीच मांदेली घेतो."

मग बोटीच्या पोटात एक झाकणबंद ड्रम बसवायचा ठरलं. भरला की होडीतून नेऊन जेट्टीवरच्या शौचालयात रिकामा करायचा. कोणी करायचा हा प्रश्न त्याने विचारला नाही. बोटीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

राहिली पाण्याची टाकी. ती कुठे बसवायची यावर आमची चर्चा झालीच नाही. दोघांच्या तोंडून एकदम आलं, "वर." आम्ही दोघं मुंबईत जन्मलेले. टाकी गच्चीवर असते आणि पाणी खाली येतं, हे आम्ही चालायला लागायच्या आधी शिकलो. केबिनच्या छपरावर त्याने काळी टाकी चढवली, चांगली माणूस आत उभा राहील एवढी, आणि सुंभाने कठड्याला आवळून बांधली. कठडा पितळेचा. म्हणजे पितळेच्या रंगाचा. तो सेटवाल्यांनी कशाचा केला असेल हा विचार, नळाचा अनुभव जमेस असूनही, माझ्या मनात आला नाही. मग मी होडीच्या खेपा घालत बसलो. कॅनमागून कॅन आणला आणि छोट्या पंपाने पाणी वर चढवलं.

"काय काका," मावशी जेट्टीवरून ओरडली, "बोटीवर विहीर चढवली काय?"

"बहीण येणार आहे."

"मग तिला पोहायला शिकवणार?"

मी दुर्लक्ष केलं. भरतीच्या पाण्यावर बोट झुलत होती, जरा जास्तच झुलत होती, पण मी ते माझ्या आनंदाच्या खात्यात जमा केलं. सोनेरी नळ फिरवला. तो आधी खोकला, तपकिरी काहीतरी थुंकला आणि मग स्वच्छ पाणी आलं. खरं पाणी, थर्माकोलमधून नाही. मी सगळे नळ सोडले. कमोडचं पाणी ओढलं, परत ओढलं. प्लंबरला दाखवावं म्हटलं तर तो परतीच्या होडीसाठी आधीच डोळे मिटून बसला होता. शेवटी डेकवर जाऊन मावशीला सांगितलं, "पाणी आलं."

"मग आता आरती करू काय त्याची?" ती म्हणाली.

ताई आली ती मुलुंडहून लोकलने, घाटकोपरहून मेट्रोने आणि पुढे रिक्षाने. हातात एक बॅग, लाडवांचा डबा आणि प्लास्टिकचा स्वतःचा निळा मग. दुसऱ्याच्या घरचा मग ती वापरत नाही. सकाळची भरती होती. होडीत पाय टाकताना तिने माझा दंड असा धरला की वळ उठले.

"मेल्या, बुडवतलस माका."

"नाही गं. इथे गुडघाभरच आहे."

"माझ्या गुडघ्यांचं नाव काढू नको."

बोटीवर चढून तिने आधी बाथरूमचं दार उघडलं. मग नळ फिरवून पाहिला, पाणी तळहातावर घेतलं, वास घेतला. "खरंच आहे की रे," म्हणाली. मला वाटलं, आजवर मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. तिने आंघोळ केली. आतून भजन गुणगुणल्याचा आवाज येत होता आणि मी बाहेर कांदा चिरायचं सोडून तो ऐकत उभा होतो. बाहेर आली ती केस पुसत. ओला टॉवेल दारावर टाकला, आपला निळा मग नळाशेजारी ठेवला आणि बॅग बाकाखाली सरकवली.

बॅग बाकाखाली गेली हे मी दोनदा वाकून पाहिलं.

जेवलो. मावशीकडची मांदेली ताईने तळली, मला तव्याला हात लावू दिला नाही. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "उद्या बोंबील मिळाले तर बघ." उद्या हा शब्द मी बोटीवर बऱ्याच दिवसांनी ऐकला. तेवढ्यात टेबलावर काढून ठेवलेला एक लाडू निघाला आणि सावकाश चालत कडेला गेला.

"अरे, लाडू चालतोय."

"ओहोटी लागली. बोट जरा कलते. रोजच कलते ताई."

दुसरा लाडू निघाला. मग बशा. रोज बोट चिखलात बसायची ती किंचित एका कुशीवर. आज ती कुशीवर थांबेना. डोक्यावर एवढं पाण्याचं ओझं घेतलेलं, जशी खाली टेकली तशी कलतच राहिली. ताई बाकावरून घसरत माझ्यापर्यंत आली. "खय चल्लंव आपण?" तिने विचारलं. कुठेच चाललो नव्हतो, हीच तर अडचण होती. वर छपरावर काहीतरी करकरलं. मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला, तोही खऱ्या लाकडाचा नाही, प्लायचा. खिडकीतून मला टाकी खाली जाताना दिसली. तिच्यामागून सुंभ आणि सुंभाच्या टोकाला सोनेरी कठडा. जाता जाता टाकीने थोडं पाणी खिडकीतून आम्हाला दिलं आणि बाकीचं खाडीला. चिखलात पडली ती मात्र सरळ उभी, झाकण उघडं. बाथरूममध्ये कमोडनेही कलून आपल्या पोटातलं पाणी फरशीवर सोडून दिलं.

सगळं शांत झालं. जेट्टीवरून मावशीचा आवाज आला. "काका, विहीर उतरली."

ओझं गेलं म्हणून बोट उठली नाही. चिखलात एकदा आडवी झाली की पाणी आल्याशिवाय ती उठत नाही. आम्ही दोघं खालच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा टेकून बसलो, कारण दुसरीकडे कुठे बसताच येत नव्हतं. ताईच्या केसांतून पाणी गळत होतं. मी खरं काय ते सगळं सांगून टाकलं. फोटो, थर्माकोल, प्लंबर. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "शाळेत आजारी पडायचं नाटक करायचास आणि मग खरा आजारी पडायचास."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि आता जायचं झालं तर?"

"भरती आली की."

"कधी?"

"संध्याकाळी."

"माझं खाडीशी तसं काही ठरलेलं नाही."

झाकणाची बादली होतीच. ती तिरक्या फरशीवर कशी टेकवायची यावर आम्ही दोघांनी डोकं चालवलं, उशा लावल्या. ताईला बाकाचा आधार दिला आणि मी दार ओढून बाहेर आलो, डेकवर, तिरका उभा. तिला अवघड वाटू नये म्हणून पलीकडच्या मढबद्दल मोठ्याने बोलत राहिलो. मढला जाणारी फेरी कशी चालते, माणसं स्कूटरसकट कशी चढतात, कायकाय. मध्येच आतून आवाज आला.

"आहेस ना रे?"

मला घाटकोपरची चाळ आठवली. वडील गिरणीत, आई कामात, आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून अंधारा संडास. मला तिथे एकट्याला जायची भीती वाटायची. ताई टमरेल घेऊन दाराबाहेर उभी राहायची आणि मी आतून सारखा विचारायचो, आहेस ना? ती कंटाळून निघून जाऊ शकली असती. कधी गेली नाही.

"आहे," मी म्हणालो. आणि परत फेरीबद्दल बोलायला लागलो. माहिती संपली तेव्हा तीच पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

संध्याकाळी पाणी आलं. बोट सावकाश उठली, जसं काही झालंच नाही. ताईनेही उठून बाकाखालची बॅग ओढली. तिच्या गुडघ्यांना काय सांगणार? ती व्याह्यांकडे जायला निघाली. होडीत बसताना म्हणाली, "तोंड पाडू नको. रागावले नाही मी. बाथरूम नीट झालं की कळव, मग येते. चार दिवस नाही, आठ दिवस येते." जेट्टीवर उतरल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. ओल्या पायऱ्या होत्या, पायांकडे पाहावं लागत होतं.

निळा मग विसरून गेली.

बाथरूम आता नीट आहे. टाकी चिखलातून ओढून काढली, धुतली आणि बोटीच्या पोटात अगदी तळाशी बसवली. पायाने दाबायचा पंप आहे, दाबला की सोनेरी नळातून पाणी येतं. ओहोटीला बोट पूर्वीसारखीच थोडी कलते, कमोडमधलं पाणी कमोडमध्येच राहतं. सगळं मी स्वतः बसवलं आणि एकदाही गादी बदलावी लागली नाही. नळाशेजारी तो निळा मग आहे. त्यातलं पाणी मी रोज सकाळी ओततो आणि ताजं भरतो. बाकीचं चालतं कालचं.

मुलुंडच्या पाइपलाइनीही केव्हाच झाल्या. ताईला आता तिचा स्वतःचा कमोड आहे, नातवंडांच्या परीक्षा आहेत, गुडघे आहेत. संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलास का, औषध घेतलंस का, मावशी काय म्हणते. आणि शेवटी न चुकता, "झालं का रे ते बाथरूम?"

झालं म्हणालो तर तिला यावं लागेल, नाही तर दुसरं काहीतरी कारण सांगावं लागेल. ती बिचारी सांगेल, आणि मला ते ऐकावं लागेल. बाथरूम मोडकं आहे तोवर ताई येणार आहे. आठ दिवस.

"अजून नाही गं," मी म्हणतो. "प्लंबर कुठे होडीत बसायला तयार आहे?" आणि पंपावरचा पाय उचलतो, नळाचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून.